काळा टॅरंटुला फोटोत काळा गोळाच का दिसतो?

तक्रार नेहमी तीच. समोर बसलेला कोळी डोळ्यांना झकास दिसतोय: पायांवरचे लांब केस, पोटावरची लव, पाठीच्या ढालीवरची बारीक चमक. फोटो काढला की यातलं काहीच नाही. एक काळा गोळा, त्याला चिकटलेल्या आठ काळ्या काड्या आणि मधोमध खोलीतल्या ट्यूबलाइटची पांढरी पट्टी. काहीतरी खटपट करून एखादा फोटो बरा येतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच रडगाणं.

आमच्याकडे ग्रामोस्टोला पुल्क्रा जातीची मादी आहे. ही दक्षिण ब्राझीलकडची जात, पूर्ण वाढली की नखशिखान्त काळी. घरात तिला काजळ म्हणतात. मी राहतो इंग्लंडमध्ये, इथे टॅरंटुला पाळायला वेगळा परवाना लागत नाही. भारतातल्या मंडळींसाठी कायद्याचं खाली वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय खरेदीच्या भानगडीत पडू नका.

हा प्रश्न परत परत येतो, कारण सगळेजण दोष कॅमेऱ्यातच शोधतात. तो बहुतेक वेळा दिव्यात असतो, नाहीतर पेटीच्या भिंतीत, आणि कधी कधी कोळ्याच्या तब्येतीत. त्यामुळे माझा नियम एकच: कोळ्याला हलवायचं नाही, दिवा हलवायचा.

आधी बुटाचा ब्रश

दोष शोधायचे प्रयोग जिवंत प्राण्यावर करू नका. बुटाला पॉलिश करायचा काळ्या केसांचा ब्रश घ्या. कोळ्यासाठी वापरता त्याच दिव्यात, तेवढ्याच अंतरावरून, पण पेटीच्या बाहेर ठेवून त्याचा फोटो काढा. ब्रशचे केस सुटे सुटे दिसत नसतील, तर दोष दिव्यात किंवा एक्स्पोजरमध्ये (कॅमेऱ्याने किती उजेड घेतला त्यात) आहे.

बाहेर छान आला, तर तोच ब्रश रिकाम्या पेटीत ठेवून तिच्या ॲक्रिलिकच्या भिंतीतून फोटो घ्या. आता धुरकट आला, तर दोष भिंतीत. दोन्हीकडे ब्रश व्यवस्थित येतो आणि कोळीच नीट येत नाही, असं असेल तर फोकस तपासा, किंवा कोळ्याकडे जरा नीट बघा.

फोन करून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ब्रश आणायला सांगतो. निम्म्यांना तो थट्टेचा प्रकार वाटतो.

दिवा

कॅमेऱ्यावरचा किंवा मोबाइलचा फ्लॅश सरळ समोरून पडतो. काळे केस तो उजेड गिळून टाकतात आणि सावल्या कोळ्याच्या मागे लपतात, म्हणून अंगाला उठाव येत नाही. केस दिसायचे तर उजेड त्यांच्या कडेवरून घसरायला हवा, म्हणजे दिवा वरून आणि किंचित मागून हवा.

समोरून फ्लॅश मारण्याचा आणखी एक तोटा म्हणजे डोळे. टॅरंटुलाला आठ डोळे असतात, ढालीच्या पुढच्या टोकाला एका बारीकशा उंचवट्यावर दाटीवाटीने बसलेले. त्यातले पुढचे मधले दोन सोडले, तर बाकीच्यांमध्ये उजेड परतवणारा पडदा असतो. लेन्सच्या रेषेतून फ्लॅश आला की तिथे नुसते पांढरे ठिपके उरतात.

घरच्या घरी सगळ्यात सोपा उपाय बटर पेपरचा. पेटीचं झाकण बहुधा जाळीचं किंवा भोकांचं असतं. त्यावर बटर पेपर पसरा, फ्लॅश किंवा एलईडी पॅनल त्याच्या वर वीतभर उंचीवर धरा आणि मागच्या भिंतीकडे सरकवा. झाकणाचाच सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारी पेटी, होतो. कागद न घालता फ्लॅश मारलात तर जाळीची सावली अंगावर पडते आणि कोळी तुरुंगात बसल्यासारखा दिसतो.

आता वरून उजेड आला, पण तोंडाकडची बाजू अंधारात गेली असेल. पुढच्या भिंतीला बाहेरून, लेन्सच्या खाली, थर्माकोलचा पांढरा तुकडा तिरपा टेकवा. वरचा उजेड त्यावर आपटून सुळ्यांच्या बुडापर्यंत पोचतो. या एका तुकड्याने जो फरक पडतो तो महागड्या लेन्सने पडत नाही.

काम झालं की कागद लगेच काढा, हवा जायचा रस्ता तोच आहे. हॅलोजनचे दिवे या कामाला वापरू नका, बंद पेटीत ऊब फार लवकर चढते.

घरातल्या साध्या एलईडी बल्बवर भागवत असाल आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर ती दिव्याची लुकलुक आहे. वीज भारतात आणि इथेही 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा आणि कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटर असेल तर तेच वापरा. अमेरिकेतल्यांनी 1/60 किंवा 1/120 धरावं.

मीटरची फसगत

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. काळा कोळी चौकट भरून बसला असेल, तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो, कोळी राखाडी होतो आणि पाण्याच्या वाटीची कड पांढरीफटक पडते. उलट कोळी लहान आणि मागे फिकट दगड किंवा पांढरी भिंत असेल, तर कॅमेरा उजेड कमी करतो आणि कोळ्याचा गोळा होतो. दोन्ही फोटो एकाच कारणाने बिघडतात. म्हणूनच काल चाललेलं सेटिंग आज चालत नाही.

ऑटो सोडा. कॅमेरा असेल तर मॅन्युअलवर जा. 90 ते 105 मिमीची मॅक्रो लेन्स आणि वर सांगितलेला फ्लॅश असेल, तर शटर 1/160, लेन्सचं छिद्र एफ/11, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200 आणि फ्लॅश 1/8 ताकदीवर, इथून सुरुवात करा. मग ब्रशचे केस दिसेपर्यंत फक्त फ्लॅशची ताकद वर-खाली करा. कॅमेऱ्याचं बाकी काही बदलायचं नाही. फाइल रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) ठेवा, काळ्या भागातून थोडा तपशील नंतरही काढता येतो. पांढरा झालेला भाग मात्र गेला तो गेलाच.

मोबाइलवर लोक कोळ्यावर बोट टेकवतात आणि फोन लगेच सगळं उजळवून टाकतो. शेजारच्या कोकोपीटवर (पेटीत पसरलेल्या नारळाच्या भुशावर) बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा, मग सूर्याची खूण किंचित वर सरकवा.

एफ/22 वर जाऊ नका. सगळं फोकसमध्ये येईल या आशेने लोक तिथे जातात आणि सगळंच थोडं थोडं मऊ करून घेतात. पायांसकट 15 सेंटिमीटरचा कोळी चौकटीत बसवायला खऱ्या अर्थाने मॅक्रो लागतच नाही, एफ/11 ते एफ/16 पुरतं. फक्त डोळ्यांचा उंचवटा जवळून टिपायचा असेल तर एका फोटोवर भागत नाही. फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि ते जोडायचे. हा प्राणी तासन् तास पुतळ्यासारखा बसतो, ही त्या बाबतीत मोठी सोय. फुलपाखरांचे फोटो काढणारे यावरून आपल्यावर जळतात.

समोरची भिंत

ॲक्रिलिकमधून फोटो काढताना लेन्स भिंतीला अगदी काटकोनात हवी. तिरकं गेलात की जाड ॲक्रिलिक चित्र मऊ करतं. इथेच पोलरायझर घेणाऱ्यांची पंचाईत होते. तो फिल्टर चकाकी कापतो ती भिंतीकडे बरंच तिरकं बघितल्यावर, काटकोनात त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय तो उजेडही खातो. पैसे वाचवा आणि काळा कार्डशीट आणा. त्याला लेन्सएवढं भोक पाडा, लेन्स त्यातून घाला आणि भिंतीला जवळजवळ टेकवा. खोलीतले दिवे बंद करा, पांढरा शर्ट बदला. काचेत दिसणारं ते धूसर भूत बहुतेक वेळा तुमचा शर्टच असतो.

भिंतीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांना लोक बुरशी समजतात. बहुतेक वेळा ती कोळ्याची शी असते, झाडावर राहणाऱ्या जाती तर थेट भिंतीवरच उडवतात. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरने पुसली की जाते. काचेचं निळं क्लीनर किंवा स्पिरिट मात्र ॲक्रिलिकला लावू नका. अमोनिया आणि अल्कोहोलने त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्या कायमच्या. आणि बंद पेटीत त्या वाफा कोळ्याच्या वाट्याला येतात ते वेगळंच.

आतून रोज धुकं धरत असेल, तर तो फोटोचा प्रश्न म्हणून सोडवूच नका. इथल्या हिवाळ्यात आणि आपल्याकडे पावसाळ्यात हे हटकून होतं. पुल्क्रासारख्या जातीला पाण्याची वाटी आणि एका कोपऱ्यात थोडी ओल एवढं पुरतं. तरीही लोक रोज फवारे मारतात, कारण झाडांसारखं काहीतरी शिंपडलं की काळजी घेतल्याचं समाधान मिळतं. फवारणी बंद करा. समोरासमोरच्या दोन भिंतींना भोकं आहेत का बघा. नुसत्या झाकणातली भोकं बऱ्याचदा अपुरी पडतात.

पेटीखाली हीटिंग पॅड असेल तर काढा. जमिनीत राहणारा टॅरंटुला उकडलं की खाली उकरत जातो, म्हणजे उष्णतेच्या आणखी जवळ. त्यात खालून तापलेली ओली माती आणि थंड भिंती, मग धुकं धरणार नाही तर काय! खोलीच 20 ते 25 अंशांवर ठेवा.

फोकस पकडतच नाही

कॅमेऱ्याला भिंतीवरचा ओरखडा कोळ्यापेक्षा जास्त आवडतो. ऑटोफोकस बंद करा, अंगावर येईल इतपत फोकस एकदा लावा आणि मग स्वतः किंचित मागे-पुढे होऊन डोळ्यांचा उंचवटा धारदार दिसेल तिथे बटण दाबा. वरून फोटो घेताना सेन्सर पाठीला समांतर ठेवा, नाहीतर ढाल स्पष्ट आणि पोट पुसट असं होतं.

मोबाइलवाल्यांची अडचण वेगळी. फोन जवळ नेला की तो गुपचूप अल्ट्रावाइड लेन्सच्या मॅक्रोवर उडी मारतो आणि भिंतीवरचे ओरखडे कोरीव टिपतो. मॅक्रो मोड बंद करा, अर्ध्या हातावर मागे या, 2एक्स किंवा 3एक्सने काढा.

कोळी दिसतच नाही, किंवा दिसला की पळतो

टॅरंटुलाची नजर कमकुवत असते, पण पायांवरच्या बारीक केसांना हवेची झुळूकसुद्धा कळते. झाकण उघडून वरून वाकलात की तुमचा श्वास त्याच्या अंगावर जातो आणि तो बिळात पळतो. फ्लॅशवर खापर फुटतं. तोंड बाजूला ठेवा, पेटीच्या टेबलावर ट्रायपॉड किंवा कोपर टेकवू नका. आणि दुपारी फोटो काढायचा हट्ट सोडा, हे निशाचर प्राणी. दिवेलागणीनंतर तासाभराने काजळ आपणहून बिळाच्या तोंडाशी येऊन बसते.

नव्या पेटीत टाकल्या टाकल्या फोटोसेशन करू नका. जाळं विणून, दोनदा व्यवस्थित खाऊन होईपर्यंत त्याला विसरा.

काही खुणा दिसल्या की कॅमेरा खाली ठेवायचा. पाय अंगाशी ओढून, गुडघे ढालीवर घेऊन बसला असेल तर तो घाबरलाय. पुढचे पाय उचलून सुळे दाखवत असेल तर त्याने शेवटचा इशारा दिलाय. असे फोटो लोकांना आवडतात म्हणून काडीने डिवचून ते काढणाऱ्यांना मी तरी फोटोग्राफर म्हणत नाही. मागच्या पायाने पोट भराभर घासत असेल तर तो केस उडवतोय, आणि तेव्हा तुमचा चेहरा पेटीवर असता कामा नये. अमेरिका खंडांतल्या बऱ्याच जातींच्या पोटावर हे टोकदार केस असतात. ते डोळ्याच्या बुबुळात रुतले तर महिनोन् महिने त्रास देऊ शकतात. झाकण उघडताना चष्मा किंवा गॉगल घाला. डोळ्यात गेलेच तर न चोळता थेट नेत्रतज्ज्ञ. हाताला लागले तर चिकटपट्टीने उचलून काढा, मग धुवा.

पोटाच्या मागच्या भागावर टक्कल पडलेलं दिसतंय? याचा अर्थ त्याला वरचेवर केस उडवावे लागतायत. फोटो काढायचं प्रमाण कमी करा.

आणि बाहेर काढून टेबलावर ठेवून फोटो? माझं मत: नको. जमिनीवर राहणाऱ्या जातींचं पोट जड आणि नाजूक असतं, थोड्याशा उंचीवरून पडूनही ते फुटतं. पेटी बदलताना तो बाहेर येणारच असेल, तर जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या, उंच काठाच्या टबातच घ्या. पारदर्शक डबा झाकायला हाताशी असू द्या आणि दिशा द्यायला रंगवायचा मऊ ब्रश.

रंगच उतरलाय

सगळं बरोबर करूनही कोळी मातकट, निस्तेज येत असेल, आणि तो काही दिवस खातही नसेल, तर बहुधा कात टाकायची वेळ आलीय. टकलावरची कातडी फिकट असलेली काळपट होते, पोट ताणून चकाकतं. आता काहीच करू नका. आत खायला सोडलेला रातकिडा किंवा झुरळ तेवढं बाहेर काढा, कात टाकताना मऊ पडलेल्या कोळ्याला ते कुरतडतात. पाण्याची वाटी भरलेली ठेवा. उताणा पडलेला दिसला तर मेला म्हणून रडू नका, तो कात टाकतोय. मरणाऱ्या कोळ्याचे पाय सहसा पोटाखाली मुडपतात, कारण पाय सरळ करायला स्नायूंऐवजी शरीरातल्या द्रवाचा दाब लागतो आणि तो दाबच उतरतो.

नव्या कातेनंतर सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. ते काळे झाल्याशिवाय खाणं नाही आणि फ्लॅशही नाही. त्यानंतरचे काही आठवडे मात्र वर्षातले सगळ्यात चांगले. काळा खरा काळा दिसतो, केस अख्खे असतात.

निळ्या जातींची तक्रार वेगळी असते. व्हेनेझुएलाच्या जीबीबीचे (ग्रीनबॉटल ब्लू या जातीचे) पाय प्रत्यक्षात निळेजर्द आणि फोटोत करडे. तो निळा रंगद्रव्याचा नाही, केसांच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेचा आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार टॅरंटुलांमध्ये असा निळा किमान 8 वेळा स्वतंत्रपणे उगवलाय. पिवळ्या बल्बच्या उजेडात मुळात निळा भाग फार थोडा, तर केस परतवणार काय? 5000 ते 5500 केल्विनचा दिवा वापरा, व्हाइट बॅलन्स त्यावरच बांधून ठेवा. एडिटिंगमध्ये निळा ओढू नका, लगेच कळतं.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी

वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साइटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीतल्या परदेशी जाती त्यामुळे अनुसूची 4 मध्ये आल्या. अशी जात बाळगायची तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, 2024 मध्ये त्याचे नियमही आले. लाल गुडघ्यांचे ब्राकीपेल्मा साइटीसच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत, 2019 च्या परिषदेत पोइसिलोथेरियाही (भारत-श्रीलंकेतले झाडांवरचे टॅरंटुला) त्यात घेतले गेले. कुरिअरने डबीतून मागवायचा विचार मनातही आणू नका. चेन्नईला 2021 मध्ये पोलंडहून टपालाने आलेले जिवंत कोळी कस्टम्सने पकडले होते.

सह्याद्रीतला कोळी उचलून घरी आणणं हा तर विषयच नको. आपल्याकडे झाडांच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रीगॅलिस आहे. आंध्रातल्या गुत्तीचं नाव लागलेला निळा मेटॅलिका 1899 मध्ये नोंदला गेला आणि आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्यांचे फोटो पावसाळ्यात, रात्री, त्यांच्या झाडावर काढा. वर सांगितलेला तिरपा उजेड तिथेही चालतो, फक्त थर्माकोल धरायला एक मित्र लागतो. ढोलीत काडी घालायची नाही, साल उचकटायची नाही, आणि फोटो टाकताना नेमकी जागा लिहायची नाही.

एवढं करूनही गोळाच येत असेल, तर मला तीन फोटो पाठवा: ब्रशचा बाहेरचा, ब्रशचा पेटीतला आणि कोळ्याचा. न कापलेले, न सजवलेले, मूळ फाइल. सोबत पेटी, दिवा आणि कॅमेरा एकत्र दिसतील असा खोलीचा एक फोटो. कॅमेऱ्याचं मॉडेल नाही सांगितलंत तरी चालेल.